मॅडमचं मागणं

आमच्या मॅडमकडे मार्क वाढवून मागायला गेलेला विद्यार्थी रिकाम्या हातानं कधी परत आला नाही, पण जेवढे मागायला गेला तेवढे घेऊनही कधी आला नाही. मॅडम मूळच्या मंचरच्या. वडिलांचा कांदा-बटाट्याचा गाळा, त्यामुळे लहानपण पोत्यांवर बसून सौदे ऐकण्यात गेलं. पुढे संख्याशास्त्रात पीएचडी झाली, केस पांढरे झाले, तरी नजर अडत्याचीच राहिली. पोरगं दारात घुटमळलं की त्या पेपरातून मान वर न काढता विचारत,

"किती पायजेत?"

"मॅडम, पाच."

"कशाचे?"

"चौथ्या प्रश्नाचे. पद्धत बरोबर आहे, फक्त उत्तर चुकलंय."

"पुलाचं गणित चुकलं तर पूल 'फक्त' पडतो व्हय? एक देते."

"चार तरी द्या ना."

"चाराचं कारण सांग."

मग पोरगं कारण सांगायला लागे आणि सांगता सांगता तो प्रश्न त्याला कधी नव्हे तो समजून जाई. दोनावर सौदा पटे. एकदा एका मुलीनं घासाघीस न करता सरळ सांगितलं, "मॅडम, तुमची बेरीज चुकली आहे." मॅडमनी बेरीज पुन्हा केली, मार्क वाढवले आणि तिला कॅन्टीनमध्ये नेऊन वडापाव खाऊ घातला. वर आम्हा सगळ्यांना ऐकवलं, "अशी पायजे. समोरच्याच्या काट्यावर नजर ठेवणारी."

मी मॅडमच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा नवा होतो. विद्यापीठ लहान. इतकं लहान, की कुलगुरूंची गाडी आली की ती वळवता यावी म्हणून मैदानातल्या क्रिकेटवाल्यांना स्टंप उपटावे लागत. तीन बाजूंना ऊस आणि टोमॅटो, चौथ्या बाजूला नारायणगावकडे जाणारा रस्ता. नव्या माणसाला कुणालाच नको असलेली कामं मिळतात, तसा मला 'समाजसंपर्क विभाग' मिळाला. विभाग म्हणजे एक कपाट, एक कर्णा आणि विभागप्रमुख म्हणून मॅडम. त्यांनाही तो नव्यानंच चिकटवला होता.

पहिल्याच दिवशी मी नमस्कार केला तर म्हणाल्या, "या पावणं, बसा." पुढे कळलं की त्यांच्या लेखी सगळेच पावणं. शिपाई पावणं, कुलसचिव पावणं, एकदा तर भर सभेत कुलगुरूंनाही त्या म्हणाल्या, "पावणं, जरा मुद्द्यावर या." कुलगुरू खरोखरच मुद्द्यावर आले.

वर्गात त्या क्वचितच सापडत. संभाव्यता शिकवायची म्हणून एकदा सगळा वर्ग त्यांनी नारायणगावच्या जीप-स्टँडवर नेला. प्रत्येक पोराला एकेक जीप वाटून दिली आणि ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारायला लावला, "भाऊ, कधी निघणार?" सगळ्या ड्रायव्हरांनी एकच उत्तर दिलं, "निघालीच!" पोरं उन्हात उभी राहून जीप प्रत्यक्षात कधी हलते ते टिपत बसली. संध्याकाळी फळ्यावर आलेख निघाला आणि 'निघालीच' या शब्दाची किंमत दहा मिनिटांपासून पुढे कितीही असू शकते, हे सिद्ध झालं. ती पोरं आज कुठं कुठं नोकऱ्या करतात, पण साहेब 'झालंच' म्हणाला की मनातल्या मनात आलेख काढतात, असं त्यांतल्याच एकानं मला सांगितलं. सरासरीबद्दल मॅडम म्हणत, "सरासरी लई गुणी बाई, पण तिला कुणी घरी जेवायला बोलावून दाखवा. सापडायची न्हाई."

मॅडमच्या आधी आमचा विभाग गावोगाव प्रबोधन करत असे. म्हणजे बस भरून पोरं न्यायची, बॅनर लावायचा, स्वच्छतेवर भाषण करायचं, नवे कोरे झाडू हातात घेऊन फोटो काढायचे आणि दुपारच्या आत परतायचं. बस येणार म्हटलं की गावकरी अंगणं आधीच झाडून ठेवत, म्हणजे विभागाचं लवकर आटपे.

मॅडमनी पहिल्याच बैठकीत बॅनरची गुंडाळी करून कपाटामागे टाकली. "राव, त्या लोकांनी आपलं काय वाईट केलंय? दर साली जाऊन त्यांना शहाणं करून यायचं म्हंजी काय?"

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"कुणी शहाणं करायला आलं की आपण दार लोटून घेतो. जेवायला आलं की ताट मांडतो. तवा जेवायला जायचं."

मला वाटलं, गंमत करताहेत. पुढच्या शनिवारी बस पिंपरी पेंढारला जाऊन थांबली, तेव्हा कळलं की मॅडमनी मेसला डबे करायला सांगितलेच नव्हते. देवळापुढे चार माणसं जमली. मॅडमनी कर्णा तोंडाला लावला.

"आज आमी काय शिकवायला आलो नाय. पोरं सकाळपास्नं उपाशी हायेत. कुणाच्या घरी किती पाठवू, बोला."

मी बसच्या मागे लपायच्या बेतात होतो. तेवढ्यात एक बाई पदर सावरत म्हणाली, "दोन धाडा. पर अंडी खानारी धाडा, आज अंडी केल्यात."

"दोन गेले!" मॅडम ओरडल्या. "आणखी?"

"तीन द्या हिकडं."

"पोरी असतील तर चार."

बघता बघता लिलाव रंगला आणि बस रिकामी झाली. शेवटी उरलो मी. मला कुणी मागेना. तेव्हा मॅडमनी मला नानींकडे पाठवलं.

नानी म्हणजे गावातलं खमकं माणूस. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, द्राक्षाची बाग स्वतः बघणाऱ्या. मुलं पुण्या-चाकणला. वर टाइल्स बसवलेल्या खोल्या कुलूप लावून ठेवलेल्या आणि स्वतः खाली स्वयंपाकघराशेजारी राहायच्या. बोलायला लागल्या की मध्ये स्वल्पविरामही घेत नसत. मी जेवलो, आपलं ताट आपणच धुवायचं या मॅडमच्या नियमाप्रमाणे ताट धुतलं. नानींनी ते उन्हात धरून पाहिलं.

"मास्तर, ह्ये ताट धुतलंय, का याला नुसतं पानी दावलंय?"

मी पुन्हा धुतलं.

मॅडमचा दुसरा नियम असा होता की जेवलेल्या घरानं विचारलेला एक तरी असा प्रश्न आणायचा, ज्याचं उत्तर आपल्याला देता आलं नाही. बसमध्ये एकेक प्रश्न निघाला. मिरचीची पानं का वळतात? मोबाइलवर सातबारा दिसतो, पण त्यात आजीचं नाव का नाही? निम्म्या मुलींनी तक्रार केली की आम्हाला फक्त 'लग्न कधी?' एवढंच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मंग? तोबी प्रश्नच हाय. उत्तर तयार ठेवा."

माझी पाळी आली. नानींनी मला विचारलं होतं, "पोरं शिकली की घराकडं फिरकत न्हाईत. ह्ये कोन्च्या विषयात येतं?"

पुढच्या खेपेला मी अभ्यास करून गेलो आणि नानींना 'स्थलांतर' समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाव कळलं. आता औशद सांगा." त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जेवायला जायला थोडा घाबरत असे, पण जात असे.

कुलसचिवांना हा प्रकार मुळीच रुचला नव्हता. त्यांनी मॅडमना बोलावून विचारलं, "विद्यापीठानं समाजाकडे जेवण मागायचं? आपण समाजाला काहीतरी द्यायला हवं."

"देऊ की. पण पावणं, ज्याच्याकडं कधी मीठ मागितलं नाय, त्याला आपलं दिलेलं गोड लागत नाय."

कुलसचिवांनी हे वाक्य वार्षिक अहवालात स्वतःच्या नावावर घातलं. मॅडमना त्याचं काहीच वाटलं नाही. म्हणाल्या, "फुकट गेला माल. जाऊ द्या."

मग एका पावसाळ्यात मुलींच्या वसतिगृहाच्या न्हाणीघराचं छत कोसळलं. पहाटे कोसळलं म्हणून कुणाला लागलं नाही. इंजिनिअर आले, भिंतींवर टकटक केली आणि इमारत रिकामी करायला सांगितली. दुपारी नोटीस लागली, की दुरुस्ती होईपर्यंत मुलींनी घरी जावं, शिकवणं ऑनलाइन होईल.

वसतिगृहातल्या बहुतेक मुली पश्चिमेकडच्या, डिंभे धरणाच्याही वरच्या डोंगरातल्या. भात आणि नाचणी पिकवणाऱ्या घरांतल्या, आणि शिकायला घराबाहेर पडलेल्या पहिल्याच. तिकडे मोबाइलला रेंज हवी असेल तर कडा चढून जावं लागतं. त्यांतली रोहिणी म्हणून दुसऱ्या वर्षाची मुलगी मॅडमच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. ही तीच, बेरीज चुकल्याचं सांगणारी.

"मॅडम, मी घरी गेले की परत येणार नाही."

"का गं?"

"मामानं स्थळ बघून ठेवलंय. मी हॉस्टेलला आहे म्हणून थांबलेत. घरात दिसले की झालं."

तिच्या मागे दारात आणखी पाच-सहा जणी उभ्या होत्या. त्यांच्याही घरी मामा होते हे दिसत होतं.

मॅडम तशाच उठल्या, कुलसचिवांच्या केबिनमध्ये शिरल्या आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "दोन दिवस मागून घेतलेत. चला पावणं, पोरी वाटायच्यात."

जीपमध्ये मी विचारलं, "सुरुवात कुणाकडून?"

"जी हमखास नाय म्हणंल, तिच्यापास्नं. ती व्हय म्हणाली की बाकीच्यांना नाय म्हणायची लाज वाटती."

नानी ओट्यावर लसूण सोलत होत्या. मॅडम त्यांच्याशेजारी खाली बसल्या, दोन पाकळ्या स्वतःही सोलल्या आणि म्हणाल्या, "नानी, पोरगी पायजे का?"

"आता? ह्या वयात?"

"जन्माला घालायची नाय. वाढलेली हाय. कॉलेजात जाती."

नानींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठली?"

"वरची. डोंगराकडची."

नानींचा हात थांबला. मला तो थांबलेला हात अजून आठवतो. बागायतदाराच्या घरात डोंगराकडची माणसं कामाला येतात, मुक्कामाला येत नाहीत. मॅडम लसणाकडे बघत होत्या.

"खाती काय?" नानींनी शेवटी विचारलं.

"तुमी खाता तेच. नाचणीची भाकर मात्र तुमच्यापरीस बरी करती."

"कोन म्हनतं?"

"ठेवून बघा."

"आठ दिस ठेवीन. न्हाई पटली तर परत धाडीन."

"परत धाडायला ती काय सून हाय व्हय?"

नानींनी मॅडमकडे असं पाहिलं की मी जीपकडे सरकलो. मग त्या खळखळून हसल्या आणि कमरेच्या किल्ल्यांमधून वरच्या खोलीची किल्ली काढू लागल्या.

त्या दोन दिवसांत आम्ही किती चहा प्यायलो त्याला गणती नाही. मॅडम चहा पिऊन झाल्यावर "साखर जास्त झाली" हे तोंडावर सांगत आणि पुढच्याच वाक्यात मुलगी ठेवून घ्यायला सांगत. फक्त एकदा त्यांनी चहा सोडला. शेजारच्या एका वस्तीवर घरधनी म्हणाला, "ठेवू की. पर त्यांची भांडी येगळी ठेवावी लागतील." मॅडमनी भरलेली बशी खाली ठेवली, "येते" म्हणाल्या आणि चालू लागल्या. आम्ही जीपमध्ये बसतोय तोवर त्या माणसाची बायको पिठाच्या हातांनी धावत आली. धापा टाकत म्हणाली, "मॅडम, दोन पोरी धाडा. भांडी मी घासते, कुनाची कशी ठेवायची ते मी बघीन. त्यांनी कदी कपबशी तरी इसळलीय का?"

जीप हलल्यावर मॅडमनी मागं वळून त्या बाईला हात केला. मग म्हणाल्या, "ह्या घराला चांगली अभ्यासू पोरगी द्यायची." एरवी त्या इतक्या हळू बोलत नसत.

तर अशा मुली वाटल्या गेल्या. रोहिणी नानींकडे गेली. अडचणी आल्या नाहीत असं नाही. एक गॅसवर दूध उतू घालवी, दुसरीला टीव्हीवरच्या हिंदी मालिका बघायचं वेड लागलं, आणि ते वेड त्या घरातल्या आजोबांकडूनच लागलं होतं. पण खरा प्रश्न बिबट्याचा होता. कातरवेळी उसातून बिबट्या फिरतो, आणि मुली जीपमधून उतरून वस्तीवर चालत जाणार. गावानं मुलींना थांब्यावरून आणायच्या पाळ्या लावल्या. कुणी काठ्या-बॅटऱ्या घेऊन जाई, कुणी ट्रॅक्टर काढी. नानी एकट्या जात. हातात काही नसे. नुसतं मोठ्यानं बोलत. रोहिणी जीपमधून उतरली की सुरू होत आणि घराचं दार लागलं की तेव्हाच्या विषयावरून पुढच्या विषयावर जात. त्या वाटेनं बिबट्या कधीच दिसला नाही. गावातले टवाळ म्हणत, त्यानं शिरूरकडे बदली मागितली.

मामा मात्र आला. रोहिणी घरी का आली नाही ते बघायला स्थळाकडच्या पाहुण्यालाच घेऊन आला, नेमका मी तिथं होतो त्या दिवशी. नानींनी दोघांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.

"भाचीला न्यायला आलो," मामा म्हणाला.

"न्या की. तिची परीक्षा कवाय, ठाव हाय?"

"न्हाई बा."

"कोन्चं साल शिकती?"

मामानं पाहुण्याकडे पाहिलं. पाहुण्यानं चपलेकडे.

"मंग भाऊ, आधी ईचारून या. मला अर्धवट माहितीच्या मानसाकडं पोरगी देता येत न्हाई, मॅडमनी तसं बजावून ठेवलंया." मॅडमनी असं काहीही बजावलं नव्हतं. मामा जो परीक्षेची तारीख विचारायला गेला तो अजून आलेला नाही.

दिवाळीनंतर वसतिगृह दुरुस्त झालं. नवा रंग, नव्या टाइल्स. मुलींनी सोमवारपर्यंत परतावं अशी नोटीस निघाली. सोमवार गेला, मंगळवार गेला, वसतिगृहात फक्त रंगाचा वास होता. कुलसचिवांनी मॅडमना बोलावलं.

"मॅडम, मुली कुठे आहेत?"

"घरी."

"अहो, कुणाच्या घरी?"

गावाचा निरोप आला होता, पोरी हितंच बऱ्या हायेत. मॅडमना पुन्हा दारोदार फिरावं लागलं. बहुतेक घरांनी डोळे पुसत, लोणच्याच्या बरण्या देत मुली परत केल्या. नानींनी दारातच सांगितलं,

"देनार न्हाई."

मॅडमनी आपल्या तऱ्हेनं सौदा सुरू केला. सणावाराला येईल. नाही. दर रविवारी येईल. नाही. निम्मे दिवस इथं, निम्मे तिथं. "पोरगी हाय का पाटाचं पानी?" नानी म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी मॅडमना सौद्यात हरताना पहिल्यांदा पाहत होतो. रोहिणी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं. ते प्रथम मॅडमच्या लक्षात आलं.

"आपण दोघी कशाला भांडतोय?" त्या म्हणाल्या. "रोहिणी, तुला काय पायजे?"

"तुम्ही दोघी म्हणाल तसं."

"आमी दोघी दोन तऱ्हांचं म्हणतोय. तुला काय पायजे ते तू माग. नानींकडं बघून माग."

रोहिणीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मला वाटलं, ही आता रडणार. पण ती नानींच्या पुढ्यात येऊन बसली.

"नानी, मला हॉस्टेलला जायचंय."

"का? काय कमी पडलं?"

"काही नाही. पण माझा अभ्यास होत नाही इथं." मग एक मोठा श्वास घेऊन तिनं सांगून टाकलं, "तुम्ही लई बोलता."

मॅडमनी आयुष्यात पहिल्यांदा खाली मान घातली. नानी बराच वेळ गप्प होत्या. एवढा वेळ गप्प राहिलेल्या त्या कुणी पाहिल्या नसतील.

"मंग भवाने, आधी सांगायचं व्हतं!" त्या म्हणाल्या. "मी आपली बोलतीया, बोलतीया, म्हनलं पोरीला करमना हितं." आणि उठून आत गेल्या. आतून डबे आपटल्याचे आवाज येत राहिले. बाहेर आल्या तेव्हा हातात पिशवी होती आणि पिशवीत लाडू होते. डोळे लाल होते, पण ते आम्ही पाहिले नाहीत, कारण त्यांनी तशी संधी दिली नाही. पिशवी रोहिणीच्या हातात कोंबून त्या तडक बागेकडे चालू लागल्या.

पुढच्या रविवारी मी आणि मॅडम विद्यापीठाच्या आवारात उभे होतो. वसतिगृहाच्या फाटकाशी वाद चालल्याचा आवाज आला. नानी डोक्यावर पदर, हातात भली मोठी पिशवी घेऊन उभ्या, आणि वॉचमन आडवा.

"आजी, फक्त नातेवाइकांना सोडायचा नियम आहे. तुम्ही मुलीच्या कोण?"

"कोन म्हंजी? घरची."

"ती तर वरच्या गावची. तुम्ही पिंपरी पेंढारच्या. मग घरच्या कशा?"

नानींनी पिशवी खाली ठेवली. कमरेवर हात घेतला.

"अरं, भांडून येगळी निघालीया ती! येगळं निघालं म्हंजी काय मानूस परकं व्हतं का?"

वॉचमनला नियमांत यावर काही सापडेना. मॅडमनी त्याला हातानं बाजूला केलं, पिशवीचा एक बंद स्वतः धरला, आणि दोघी जिना चढू लागल्या. लाडवांत सुंठ किती घालावी यावर पहिल्याच पायरीला मतभेद झाला, आणि आवाज चढत गेला. मी खाली उभा राहून ऐकत होतो. वरच्या मजल्यावर अभ्यासाला बसलेल्या मुली एकेक दार लावून घेत होत्या. एकच दार तेवढं धाडकन उघडलं, आणि कुणीतरी धावत जिन्याकडे आलं.